जवळा बाजारची भरलेली लारी

त्या लारीच्या डॅशबोर्डावर रुपयाएवढी एक तबकडी होती आणि तिच्यात एक काटा. मधोमध शून्य, उजवीकडे चार्ज, डावीकडे डिस्चार्ज. इंजिन चालू असताना काटा उजवीकडे झुकलेला दिसला की समजायचं, डायनॅमो वीज करतोय आणि बॅटरी भरतेय. डावीकडे पडला की समजायचं, बॅटरी भरत नाही, नुसती खर्च होतेय. अठ्ठेचाळीस सालच्या पहिल्या चार-पाच महिन्यांत मी रस्त्यापेक्षा त्या काट्याकडंच जास्त पाहिलं. आणि त्या काट्यापायी आसपासच्या प्रत्येक माणसाबद्दल मनात वाईट आणलं.

मी मोटार शिकलो ती लढाईत. आसामच्या चिखलात दोन वर्षं फौजेच्या गाड्या चालवल्या आणि सुटून गावी आलो. औंढ्याच्या एका जमीनदारानं जुनी लारी घेतली होती, त्यांना डायवर पाहिजे होता. मी त्यांना मालक म्हणायचो. जवळा बाजारहून कापूस, ज्वारीची पोती, भुईमूग भरायचा आणि औंढ्यावरून हिंगोलीच्या रेल्वे स्टेशनात नेऊन उतरवायचा, हे माझं काम. लारी लढाईच्याही आधीची, दोन मालकांच्या हातून आलेली. लाकडी बॉडी कुण्या सुतारानं मागून वाढवलेली. बॅटरी ड्रायव्हरच्या सीटखाली, फळी उचलली की दिसायची.

माझ्यासोबत एक हमाल असायचा, जवळच्या तांड्यावरचा, चाळिशीच्या पुढचा. त्याचा आजा बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर फिरायचा, असं तो सांगायचा. हा मात्र आमच्या लारीच्या मालावर बसून हिंगोलीपर्यंतच जायचा. तो कमी बोलायचा. कमी बोलणाऱ्या माणसावर संशय घेणं सोपं असतं.

पहिल्यांदा लारी बंद पडली ती माघ महिन्यात. औंढा सोडून पुढचा चढ लागला. दोन्ही बाजूंना पळस फुलायला लागले होते. चढावर इंजिन खोकायला लागलं आणि थांबलं. काटा डावीकडे पडलेला. हॉर्न दाबला तर बकरीच्या करडासारखा आवाज आला. ह्या गाडीत ठिणगी पडायची ती बॅटरीच्या विजेवर. बॅटरी मेली की इंजिनही मेलं. हँडल मारून मारून माझे खांदे भरून आले. शेवटी हमालानं आणि मी पोती तशीच ठेवून तासभर वाट पाहिली. बॅटरीला जरा दम आला, मग गाडी उतारावर मागं सोडली आणि कशीबशी सुरू केली.

हिंगोलीत माल उतरवल्यावर लारी मिस्त्रीकडं नेली. मालधक्क्याजवळ त्याचं टपरीवजा दुकान होतं. साठीचा, मेंदी लावलेली दाढी, कानाला नेहमी एक लाकडी पेन्सिल. त्यानं डायनॅमो उघडला, आतले कोळशाचे ब्रश दाखवले. जळून काळे झालेले होते.

"इन्होंच बीमार है," तो म्हणाला. त्यानं नवे ब्रश बसवले, कटआऊट साफ केला. कटआऊट म्हणजे डायनॅमो आणि बॅटरीच्या मधली एक छोटी पेटी. डायनॅमो वीज करत असला की ती रस्ता उघडते, थांबला की बंद करते, म्हणजे बॅटरीतली वीज उलटी वाहून जात नाही. इंजिन सुरू केलं, काटा उजवीकडं गेला आणि तिथंच राहिला. मी समाधानानं औंढ्याला परतलो.

चार दिवस ठीक गेले. पाचव्या दिवशी त्याच चढावर, जवळजवळ त्याच पळसापाशी, काटा डावीकडे आणि लारी उभी.

पुढं असंच चालू राहिलं. कधी आठवडाभर काही नाही, कधी लागोपाठ दोन दिवस. हिंगोलीत मिस्त्रीकडं नेलं की काटा शहाण्या लेकरासारखा उजवीकडं. मिस्त्री म्हणायचा, "कुछ नहीं है मियाँ, चलाव." मी परत निघायचो. पुन्हा एखाद्या दुपारी चढावर तेच.

दुसरा काळ असता तर मी नुसता वैतागलो असतो. पण तो काळ तसा नव्हता. हिंदुस्थान स्वतंत्र झालं होतं आणि आमचं स्टेट अजून वेगळंच होतं. रस्त्यावर खाकी कपड्यातली, खांद्यावर बंदुका टाकलेली माणसं फिरायची. ती सरकारी फौजेतली नव्हती, तरी गाडी अडवायची, पोती टोचून पाहायची. त्यांचं नाव सगळ्यांना माहीत होतं, पण मोठ्यानं कुणी घेत नव्हतं. पैनगंगेच्या पलीकडं, स्टेटाच्या हद्दीबाहेर, आमच्या भागातली तरणी पोरं जाऊन छावण्या करून राहिली होती. गावात कुणाचा मुलगा दिसेनासा झाला की लोक विचारायचे नाहीत. अशा दिवसांत एक लारी वरचेवर रानात एकाच ठिकाणी थांबत असली, तर ती कुणाच्याही डोळ्यावर येणारच.

आलीच. फाल्गुनातल्या एका दुपारी मी बोनेट उघडून उभा असताना चौघं जण आले. त्यांचा म्होरक्या माझ्याच वयाचा होता.

"इथंच काहून थांबतंय रोज?"

"बॅटरी बसली साहेब."

"इथंच बसतीय का बराबर?"

खरं सांगायचं तर हाच प्रश्न मी स्वतःला विचारत होतो. इथंच का? त्यांनी दहा पोती खाली काढायला लावली, दोन फाडली, ज्वारी मातीत सांडली. जाताना म्होरक्या म्हणाला, "पुन्हा इथं दिसला तर लारी ठेवून जावं लागंल."

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट बसली, की हे आपोआप होत नाही. कुणीतरी करतंय.

पहिला संशय मिस्त्रीवर. त्याचा भाचा खाकीत गेल्याचं हिंगोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. मला वाटायला लागलं, हा म्हातारा दर वेळी काहीतरी अर्धवट ढिलं सोडतो. लारी रानात थांबावी, भाच्याच्या लोकांनी येऊन लुटावं. स्टेशनाजवळच्या हॉटेलात चहा पिताना मी हे चार माणसांसमोर बोललोही. कुणी हो म्हटलं नाही, कुणी नाही म्हटलं नाही. सगळ्यांनी नुसतं ऐकून घेतलं.

दुसरा संशय हमालावर. तो सोबत असला की गाडी बंद पडायची. आता आठवतं, तो प्रत्येक खेपेला सोबतच असायचा. बंद न पडलेल्या खेपांनाही. पण तेव्हा मी त्या मोजत नव्हतो.

मी एक युक्ती केली. तंबाखूसाठी माझ्या चंचीत चुन्याची डबी असायची. संध्याकाळी लारी मालकांच्या गोदामाच्या अंगणात लावली की मी कटआऊटच्या झाकणाच्या स्क्रूवर आणि बॅटरीच्या दोन्ही टोकांवरच्या बोल्टांवर चुन्याची बारीक रेघ ओढायला लागलो. कुणी बोल्ट फिरवला तर रेघ तुटणार. तीन सकाळी रेघा जशाच्या तशा होत्या. चौथ्या सकाळी कटआऊटवरची रेघ शाबूत, पण बॅटरीच्या दोन्ही बोल्टांवरच्या तुटलेल्या. बोल्ट कसून बसवलेले होते, पण रेघेचे दोन तुकडे एकमेकांसमोर नव्हते.

मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू. भीती नंतर वाटली, आधी आनंदच झाला, की मी म्हणत होतो ते खरं निघालं.

मिस्त्री रात्रीतून हिंगोलीहून येऊन बोल्ट फिरवणार नव्हता. म्हणजे चोर अंगणातलाच. हमाल बाजाराच्या आदल्या रात्री गोदामाच्या ओसरीवर झोपायचा. मी त्याच्याकडं नीट पाहायला लागलो. त्याच्या धोतरावर मांडीपाशी बारीक भोकं होती, चाळणीसारखी. फौजेत मी असली भोकं खूप पाहिली होती. बॅटरीतलं तेजाब कपड्यावर उडालं की तेव्हा दिसत नाही, कपडा धुतला की तिथं भोक पडतं.

त्याला बोलणार तेवढ्यात मला दुसरं काही दिसलं. मालकांच्या घरामागच्या परसात धुणं वाळत होतं. त्यात एक पांढरं लुगडं होतं आणि त्याच्या काठाजवळ तशीच भोकं. शिवाय ज्यावर ते वाळत होतं ती दोरी नव्हती, तांब्याची तार होती, परसातल्या लिंबापासून माळवदावर गेलेली. घरात पांढरं लुगडं एकच बाई नेसायची. मालकांची थोरली विधवा बहीण. सगळे तिला आक्कासाब म्हणायचे.

मी हमालाला गोदामामागं गाठलं.

"बॅटरी कुठं नेत होता?"

त्यानं हातातलं पोतं खाली ठेवलं. मग म्हणाला, "आक्कासाबला इचारा. मला काहून इचारता?"

"मी तुला विचारतो."

"मी न्हाई सांगत. मारा पाहिजे तर."

मी मारलं नाही. पण आक्कासाबला विचारायला दोन दिवस धीर झाला नाही. तिसऱ्या दिवशी मालक शेतावर गेलेले पाहून मागच्या दारी गेलो. ती जात्यावर बसली होती. मी चाचरत चाचरत भोकांचं सांगितलं. ती उठली, पदरानं हात पुसले आणि मला धान्याच्या खोलीत घेऊन गेली. कणगीमागं घोंगडीखाली एक रेडिओ होता, मोटारीच्या बॅटरीवर चालणारा. मालकांनी लढाईच्या काळात हौसेनं घेतलेला, आणि दिवस बिघडल्यावर भिऊन माळ्यावर टाकलेला.

"हमाल मुक्कामी असला की दिवे लागल्यावर तासभर लावते," ती म्हणाली. "मुंबईच्या बातम्या. मग तो बॅटरी परत नेऊन ठेवतो. त्याला मीच सांगते. त्याचा दोष न्हाई."

"आक्कासाब, पण कशासाठी?"

"माझं लेकरू कुठंय, तुला ठाव हाय का?"

मालक सगळ्यांना सांगत, भाचा नागपूरला शिकतो. तिनं मला सांगितलं, तो नदीपलीकडच्या छावणीत आहे. तीन महिने झाले, चिठ्ठी नाही. रेडिओवर त्याचं नाव येणार नव्हतं, हे तिलाही कळत होतं. "पण तिकडं काय चाललंय ते तरी कळतंय," ती म्हणाली. "कुठं गोळीबार झाला, कुठं न्हाई झाला. न्हाई झाला म्हटलं की मी जेवते."

मी तिला चढावरचं सगळं सांगितलं. ते चौघं, फाडलेली पोती, म्होरक्यानं दिलेली धमकी. ऐकताना तिचा चेहरा उतरला.

"मला ठाव नव्हतं. आजपासून बंद. माझ्या लेकाची आण."

मी मालकांना काही सांगितलं नाही. मिस्त्रीकडंही गेलो नाही. मला वाटलं, रोग सापडला.

त्यानंतर मी चार-पाच खेपा केल्या. रोज सकाळी चुन्याच्या रेघा शाबूत. मग चैत्रातल्या एका दुपारी ज्वारीची पोती भरून निघालो आणि काटा पुन्हा डावीकडं पडला. लारी चढावरून गेली. पळसाच्या पुढं साधारण दोन मैल गेली आणि मग थांबली.

ह्या दोन मैलांचा मला आज विचार येतो. रेडिओ बंद झाल्यावर लारी दोन मैल पुढं गेली, हे माझ्या डोळ्यांसमोर होतं. म्हणजे रेडिओ बॅटरीतलं थोडंसं खात होता, मूळ दुखणं दुसरंच होतं. एवढं साधं गणित. पण मी ते केलं नाही. मला वाटलं, आक्कासाबनं लेकाची खोटी आण घेतली.

तेच चौघं आले, सोबत आणखी तिघं. ह्या वेळी त्यांनी मला काही विचारलं नाही. मालावरून हमालाला खाली ओढलं आणि बंदुकीच्या दस्त्यानं त्याच्या पाठीवर, पायांवर मारलं. "कोणाला माल पोचवता?" तो ओरडला नाही. मी मधे पडलो तर मला एकानं दगडावर ढकललं. सगळी पोती उतरवून, त्यातली काही घेऊन ते गेले. हमालाला मी केबिनमध्ये बसवलं. त्याचा गुडघा सुजून भोपळ्याएवढा झाला होता.

बॅटरीला दम आल्यावर गाडी सुरू केली आणि औंढ्याला परतलो तो डोकं फिरलेलं. मालक ओसरीवर होते, हे मला दिसत होतं. तरी मी परसदारी जाऊन मोठ्यानं ओरडलो.

"आक्कासाब, लेकाची आण घेतली व्हती ना तुमी? त्याचा पाय मोडला आज. तुमच्या रेडिओपायी!"

ती दारात आली. "मी लावला न्हाई रे," ती म्हणाली. "एकदाही न्हाई."

"मग बॅटरी कशी बसली?"

मालक मागून आले. रेडिओ हा शब्द त्यांनी ऐकला होता. त्यांनी आधी मला बाहेर काढलं. मग घरात जे झालं ते मी पाहिलं नाही, पण आवाज ऐकला. थोड्या वेळानं ते स्वतः रेडिओ खांद्यावर घेऊन परसातल्या विहिरीकडं गेले आणि तो आत टाकला. रेडिओची ती तांब्याची तार ओढून काढली. ते घामाघूम झाले होते. भीतीनं माणूस कसा दिसतो, ते मी त्या दिवशी त्यांच्या तोंडावर पाहिलं. मला म्हणाले, "ह्या घरात रेडिओ नव्हता. समजलं?"

हमाल तांड्यावर गेला. लारी अंगणात उभी राहिली. तीन दिवसांनी मालकांनी बोलावलं. माल स्टेशनात पडायलाच पाहिजे होता. ते म्हणाले, "लारी दुरुस्त कर, न्हाईतर दुसरीकडं बघ."

म्हणून मी पुन्हा मिस्त्रीकडं गेलो. मनात तेच विष घेऊन. त्यानं डायनॅमो उघडला. नवे बसवलेले ब्रश पुन्हा काळे झाले होते. ते त्यानं हातात उलटसुलट करून पाहिले. मग त्यानं मला विचारलं, "गाडी बंद कब पडती? जाते वक्त, के आते वक्त?"

"इकडं येताना."

"आते वक्त भरी रहती. और मेरे पास कब लाते?"

"माल उतरवल्यावर."

त्यानं पेन्सिल कानावरून काढली आणि पुन्हा ठेवली. "तीन महिने से मेरे कू खाली गाडी दिखा रहे तुम. बीमारी भरी गाडी की है. बाजार के दिन मैं तुम्हारे साथ आता."

कापसाच्या खेपांना गाडी कधीच थांबली नव्हती. कापूस हलका. ज्वारीच्या, भुईमुगाच्या खेपांनाच थांबायची. मी माणसं मोजत बसलो होतो, पोती मोजलीच नव्हती.

तरी त्याला सोबत न्यायची माझी तयारी नव्हती. नाक्यावर त्याच्या भाच्याचे लोक असणार. हा त्यांना काही खूण तर करणार नाही? जवळ्याला जाताना वाटेत खरोखरच तिघं उभे होते. त्यातल्या एकानं मिस्त्रीला पाहून हात वर केला, "सलाम मामू!" मिस्त्रीनं तोंड दुसरीकडं फिरवलं. आम्ही पुढं गेल्यावर मी काही न विचारताच तो म्हणाला, "बहन का लडका है. छे महिने से घर में लेता नहीं उसको मैं." मी मान हलवली, पण विश्वास ठेवला असं म्हणता येणार नाही. जवळ्याला पोहोचेपर्यंत मी त्याच्या हातांवर लक्ष ठेवून होतो.

पोती भरली. त्यानं हमालांना सांगून नेहमीसारखीच भरून घेतली, नेहमीइतकीच. मग दोन छोटे बल्ब काढले. प्रत्येकाला दोन-दोन वायरी. एक बल्ब त्यानं डायनॅमोच्या तोंडाशी जोडला आणि त्याची लांब वायर बोनेटच्या फटीतून वर आणून बल्ब माझ्या समोर लटकवला. दुसरा जोडला कटआऊटपाशी, जिथं डायनॅमोची वायर येऊन पोहोचते. आमच्या लारीत आधीच्या कुण्या मालकानं कटआऊट डायनॅमोवरून काढून सीटखाली बसवला होता. त्यामुळं डायनॅमो ते कटआऊट अशी वायर चांगली लांब होती, गाडीच्या बाजूनं केबिनच्या लाकडाखालून आलेली. हे मला माहीत होतं. त्याचा अर्थ मात्र कधी लावला नव्हता.

"दोनों बत्ती पर नजर रखो," तो म्हणाला. "गाडी आहिस्ता चलाव."

भर दुपारी उन्हात ते दोन बल्ब पिवळे दिसत होते. जवळा मागं पडलं. ओढ्यावरची एक फरशी आली, पुढचं चाक खाली उतरून वर आलं. सीटजवळचा बल्ब विझला. समोरचा, डायनॅमोजवळचा, एकदम पांढरा झाला, डोळे दिपतील इतका, आणि फट्‌कन उडाला. काटा डावीकडं.

"रुको! वैसेच रुको, हिलाव मत."

इंजिन चालूच ठेवून मी थांबलो. मिस्त्री खाली उतरला आणि लारीखाली शिरला. थोड्या वेळानं त्यानं मला बोलावलं. मी पाठीवर सरकत आत गेलो. वाढवलेल्या लाकडी बॉडीची पुढची तुळई माल भरला की खाली बसायची आणि केबिनच्या लाकडावर टेकायची. त्या दोन लाकडांच्या मधून ती वायर गेलेली. वरची कापडी खोळ नुसती चपटी झाली होती, फाटली नव्हती. मिस्त्रीनं ती दोन बोटांत धरली. तिथं वायर कडक नव्हती, लुळी लागली. त्यानं चाकूनं खोळ चिरली. आत तांब्याचे तंतू तुटून काळे पडलेले. रिकाम्या गाडीत त्यांची टोकं एकमेकांना टेकायची, वीज जायची. माल भरला, गाडी धक्क्याला लागली की टोकं दूर व्हायची. मग डायनॅमो वीज करत राहायचा आणि ती जायला जागा नसायची, म्हणून ब्रश जळायचे. इंजिन नुसत्या बॅटरीवर चालायचं आणि बॅटरी त्या चढापाशी येईपर्यंत संपायची. जळालेले ब्रश आम्ही बदलले होते. ब्रश कशानं जळतात हे विचारलंच नव्हतं.

नव्या वायरीचा तुकडा जोडून, लाकडाच्या बाहेरून वळवून त्यानं ती बांधली. तासभर लागला असेल. काटा उजवीकडं गेला. आम्ही चढ चढलो, पळस मागं गेला, हिंगोलीत माल उतरेपर्यंत काटा हलला नाही. मिस्त्री खूश होऊन गाणं गुणगुणत होता.

दुसऱ्या दिवशी मी तांड्यावर गेलो. हमाल खाटेवर होता. मी वायरीचा तुटका तुकडा त्याला दाखवला. त्यानं तो उलटसुलट पाहिला, माझ्याकडं परत दिला आणि म्हणाला, "मग मला काहून मारलं त्येनी?" मी म्हणालो, माझ्यामुळं. तो म्हणाला, "तुमी न्हाई मारलं." गुडघा त्याचा पुढं कधी सरळ झाला नाही. मालकांनी त्याला गोदामाची राखण दिली.

आक्कासाबसमोर जायला मला त्याहून जास्त दिवस लागले. ती परसात शेणी लावत होती. मी सांगितलं, दोष वायरीचा होता, तुमचा नव्हता. तिनं हात थांबवले नाहीत.

"मला ठावच व्हतं माझा न्हाई ते," ती म्हणाली. "तुला कळलं ते बरं झालं. आता रोज जेवायच्या येळी मला काय वाटतंय ते तुला न्हाई कळायचं."

त्यानंतर हिंगोलीच्या स्टेशनात रेल्वेवाल्यांकडून, परभणीकडून येणाऱ्या उतारूंकडून काय कानावर येईल ते मी ऐकून यायचो आणि परसदारी उभा राहून तिला सांगायचो. ती उत्तर द्यायची नाही, पण हातातलं काम थांबवायची. पावसाळाभर हे चाललं. काही बातम्या खऱ्या असायच्या, बऱ्याच खोट्या. गोळीबाराच्या मी सांगायचो नाही.

भादव्यात हिंदुस्थानची फौज आली आणि चार-पाच दिवसांत सगळं संपलं. खाकीवाले रातोरात दिसेनासे झाले. आक्कासाबचा मुलगा दसऱ्याच्या आधी आला, वाळलेला, दाढी वाढलेला, पायात एकच जोडा. तिनं त्याला आधी न्हाऊ घातलं आणि मग रडली.

पण संपलं म्हणतात तेव्हाही सगळं संपत नाही. फौज आल्यावर आठवड्याभरात मी स्टेशनाजवळच्या हॉटेलात बसलो होतो. सात-आठ जण आले, हातात काठ्या. त्यातल्या दोघांना मी ओळखत होतो.

"तो मिस्त्री," एक जण म्हणाला. "तुझी लारी मुद्दाम बिघडवून लुटायला देत व्हता ना? तूच सांगत व्हतास इथं."

हॉटेलवाला कपबशा धुवायचा थांबला. मी सांगितलं होतं, हे खरंच होतं. त्या टेबलावरच सांगितलं होतं. मी उठून उभा राहिलो.

"मी खोटं बोललो व्हतो," मी म्हणालो. "वायर तुटली व्हती. त्यानंच हुडकली. त्याच्या भाच्याला त्यो घरातबी घेत नव्हता."

"आता काहून पलटून राहिला? भेतो का?"

"भेतो. पण खरं हेच हाय."

ते थोडा वेळ घुटमळले आणि गेले. मिस्त्रीच्या अंगाला त्यांनी हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या टपरीची फळकुटं मात्र कुणीतरी काढून नेली, अवजारं रस्त्यावर फेकली. कुणी ते मला कळलं नाही, आणि ह्या वेळी मी अंदाजही केला नाही. त्याच्यासोबत वाकून पाने, हातोड्या, ब्रशांचे डबे वेचले.

महिन्याभरानं तो बायकोला घेऊन मुलीच्या गावाला निघाला. मी लारीतून त्याचं सामान स्टेशनात नेलं. गाडी यायला वेळ होता. आम्ही अवजारांच्या पेटीवर बसलो होतो. त्यानं मला विचारलं, "वो हॉटल में तुम बोले थे क्या, मेरे बारे में? सच में?"

"व्हय," मी म्हणालो. "बोललो व्हतो."

त्यानं कानावरची पेन्सिल काढून खिशात ठेवली. मग गाडीची शिटी ऐकू आली. तो उठला, पेटीच्या एका बाजूची कडी धरली आणि मला म्हणाला, "उधर से पकडो." पेटी जड होती. आम्ही दोघांनी मिळून ती डब्यात चढवली.